ट्रॅक्टरचा दिवा घरच्या भिंतीवर जुळवा



कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात रात्रीची रहदारी वाढते. कोणी ट्रॉली भरून खामगावला निघतो, कोणी मलकापूरला. जिनिंगवर नंबर लवकर लागावा म्हणून पहाटे तीनलाच ट्रॅक्टर सुरू होतो. त्याच रस्त्यावर बैलगाडी असते, सायकलवाला असतो, शेगावला पायी निघालेली माणसं असतात.

मागच्या हंगामात रात्री मी राजूर घाट उतरून मोटारसायकलने मोताळ्याकडे येत होतो. समोरून ट्रॅक्टर आला आणि उजेड थेट डोळ्यांत शिरला. दोन-तीन क्षण काहीच दिसेना. ब्रेक दाबून कडेला थांबलो. ट्रॅक्टर पुढे गेल्यावर पाहतो तर माझ्या चाकापासून हातभर अंतरावर डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली एक बाई उभी! ट्रॅक्टरवाले भाऊ ओळखीचेच निघाले. म्हणाले, "साहेब, लाइट तर डिमच होता." आणि ते खरंच होतं. लाइट डिम होता, पण दिव्याचं तोंडच वर झालं होतं.

असं का होतं? एक तर वावरातल्या धक्क्यांनी दिव्याचे नट-बोल्ट ढिले पडतात. दुसरं कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भरलेली दोन चाकी ट्रॉली जोडली की तिचं वजन ट्रॅक्टरच्या मागच्या हुकावर येतं. मागचा भाग दबतो, पुढचं तोंड उचलतं आणि दिवा वर पाहू लागतो. म्हणून रिकाम्या ट्रॅक्टरवर जुळवलेला दिवा भरल्या ट्रॉलीला चालत नाही.

हे काम घरी अर्ध्या तासात होतं. पाना, पेचकस, टेप आणि खडू एवढंच लागतं.

पहिलं काम : चाकांतली हवा बरोबर करा. दिव्याची काच पुसा. बल्ब खाचेत नीट बसला आहे ना, ते बघा. आतली चकाकी गेली असेल तर दिवाच बदला. तो जुळवून उपयोग नाही.

दुसरं काम : सपाट जागेवर, भिंतीपासून दिव्यापर्यंत २५ फूट अंतर ठेवून ट्रॅक्टर सरळ उभा करा. नेहमी नेता तशी भरलेली ट्रॉली जोडा. चालवणाऱ्याला सीटवर बसवा.

तिसरं काम : जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंत उंची मोजा. तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारा. तिच्या खाली ४ इंचांवर दुसरी रेघ मारा. प्रत्येक दिव्याच्या समोर एक उभी रेघ काढा.

चौथं काम : अंधार पडल्यावर डिम लाइट लावा. एका दिव्यापुढे पुठ्ठा धरा आणि दुसरा जुळवा. बोल्ट काढू नका, थोडा ढिला करा. काही ट्रॅक्टरना त्यासाठी स्क्रू असतो. उजेडाच्या दाट भागाची वरची कड खालच्या रेघेवर आली पाहिजे. उजेड उभ्या रेघेच्या उजवीकडे झुकता कामा नये, कारण समोरची गाडी त्याच बाजूने येते. मग बोल्ट आवळा आणि पुन्हा बघा. आवळताना दिवा हलतो.

४ इंच का, तेही सांगतो. दिवा ४ फूट उंच असेल आणि २५ फुटांत ४ इंच उतरत असेल, तर उजेड सुमारे ३०० फुटांवर रस्त्याला टेकतो. ट्रॅक्टरच्या वेगाला तेवढा पुष्कळ झाला. मोटारसायकलचा दिवा ३ फुटांवर असेल तर ३ इंच उतार द्या. ती स्टँडवर लावू नका. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून वर माणूस बसवा.

आता परीक्षा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत सांगितलं आहे की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपून जाता कामा नये. म्हणजे साधारण २६ फुटांवर घरातला एक माणूस उभा करा आणि डिम लाइट लावून त्यालाच विचारा.

आणखी तीन गोष्टी. साध्या बल्बच्या दिव्यात झगझगीत एलईडी बल्ब घालू नका. त्याचा उजेड चौफेर फाकतो. नांगरणीसाठी मागे लावलेला पांढरा दिवा रस्त्यावर बंद ठेवा. ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर लावा. दिवा जुळवला तरी समोरून गाडी आली की डिम करायला विसरू नका.

त्या भाऊंचा दिवा आम्ही दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर जुळवला. भरली ट्रॉली जोडली तेव्हा उजेड रेघेच्या वर वीतभर चढला होता. तुमचा किती चढतो, ते यंदाची पहिली ट्रॉली निघण्याआधी बघून घ्या.

राम राम.