कचरापट्टी आणि बिनचौकशीची कैद

(शेतकरी व कारागीर बंधूंच्या सभेंत झालेलें भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यापैकीं कोणी मनांत म्हणाला असेल कीं, घरचा केर आणि सातासमुद्रांपलीकडचा तुरुंग यांची गांठ या वक्त्यानें कशी घातली? गांठ मीं घातलेली नाहीं. ती आयर्लंडांतल्या एका बाईनें घातली. तिचीच हकीकत सांगावयास मी उभा आहें.

आयर्लंड हा इंग्लंडच्या पश्चिमेचा बेट-देश. तेथें १९७७ च्या निवडणुकींत एका पक्षानें राहत्या घरांवरची पट्टी उठविण्याचें वचन दिलें, आणि पुढच्या सालीं ती उठलीही. लोक खूष झाले. पण सरकारनें एका हातानें सोडलेलें दुसऱ्या हातानें वसूल होतें, हें आपल्याला कोणी शिकवावयास नको. १९८३ च्या कायद्यानें स्थानिक सभांना पाणी, केर वगैरे कामांबद्दल निराळे पैसे घेण्याची मुभा मिळाली. मजूर म्हणूं लागला, "माझ्या मजुरींतून कर कापलाच आहे, मग केराचा कर दुसऱ्यांदां कां?"

केर वाहून न्यावयास खर्च येत नाहीं असें मी म्हणत नाहीं. गाडी लागते, माणूस लागतो. जो जास्त घाण करील त्यानें जास्त द्यावें, हेंही ठीक. पण बंगलेवाल्याला आणि दोन खोल्यांत पोरें वाढविणाऱ्या विधवेला एकच आंकडा लावला, तर त्याला न्याय कोण म्हणेल?

२००३ सालीं आणखी एक कायदा झाला. जो पैसे देणार नाहीं त्याचा केर उचलूं नये अशी सोय त्यांत होती. शिवाय पट्टी किती बसवावी हें ठरविण्याचा अधिकार लोकांनीं निवडलेल्या सभासदांच्या हातून काढून पगारी मॅनेजराच्या हातीं दिला. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षां फार वाईट वाटते. केर कुजला तर गल्लीभर वास सुटतो. अधिकार हातचा गेला, त्याचा वास कोणाला येतो?

डब्लिनच्या उत्तरेस फिंगल म्हणून भाग आहे. तेथें सप्टेंबर २००३ मध्यें लोकांनीं केराच्या गाड्या अडविल्या. हायकोर्टानें मनाईहुकूम काढला, तो त्यांनीं मानला नाहीं, आणि जो हिगिन्स व क्लेअर डेली या दोघांना एकेक महिन्याची कैद झाली. हिगिन्स कायदेमंडळाचा सभासद, लहान शेतकऱ्याच्या घरचा, नऊ भावंडांतला. डेलीबाई फिंगलच्या कौन्सिलर. त्यांच्यामागून आणखी कित्येकजण आंत गेले. शिक्षा मला पटत नाहीं. तरी एवढें ध्यानांत ठेवा कीं, त्यांना न्यायाधीश दिसला, आपला गुन्हा काय तें कळलें, आणि सुटण्याची तारीखही ठाऊक होती.

आतां दुसरा तुरुंग पाहूं. क्यूबा बेटावर ग्वांतानामो येथें अमेरिकेचें आरमारी ठाणें आहे. ११ जानेवारी २००२ रोजीं तेथें पहिले २० कैदी आणले. पुढें एकंदर सुमारें ७८० माणसें त्या ठिकाणीं ठेवलीं गेलीं. बहुतेकांवर आरोपच ठेवला नाहीं. "आम्हांस कां धरलें, हें कोर्टापुढें सांगा," एवढें मागण्याचा राज्यघटनेचा हक्क त्यांना आहे, असें अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानें स्पष्ट म्हणावयास २००८ चा जून उजाडला. तोंवर कांहींजण तेथेंच मेले होते.

यांत आयर्लंडचा काय संबंध? त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर शॅनन नांवाचा विमानतळ आहे. अमेरिकेचे शिपाई तेथूनच इराकच्या लढाईवर जात. माणसें चोरून देशोदेशीं पोंचविणाऱ्या अमेरिकेच्या गुप्त खात्याचीं विमानेंही तेथें थांबलीं, असें युरोपच्या कौन्सिलच्या २००६ च्या अहवालांत आलें. आयरिश सरकार म्हणे, "आमच्या भूमीवरून कैदी नेत नाहीं असा अमेरिकेनें शब्द दिला आहे." केराच्या पट्टीसाठीं घरोघर हिशेब मागणाऱ्या सरकारला विमानाचा दरवाजा उघडून आंत पाहवेना! नुसत्या शब्दावर विसंबूं नका, झडती घ्या, असें त्या देशाच्याच मानवी हक्क कमिशननें २००७ सालीं बजावलें.

तीच डेलीबाई पुढें कायदेमंडळांत निवडून आली. जुलै २०१४ मध्यें ती आणि मिक वॉलेस हा दुसरा सभासद कुंपण ओलांडून शॅननच्या धांवपट्टीकडे निघालीं. अमेरिकेच्या विमानांत काय आहे तें सरकार पाहत नाहीं, तर आम्ही पाहतों, म्हणालीं. पोलिसांनीं पकडलें. कोर्टानें प्रत्येकी दोन हजार युरो दंड केला; तो भरणार नाहीं, असें दोघांनींही सांगितलें. डिसेंबर २०१५ मध्यें बाईला लिमरिकच्या तुरुंगांत नेलें आणि कांहीं तासांत सोडून दिलें.

त्या दिवशीं ग्वांतानामोंत १०७ माणसें होतीं. २०२५ च्या जानेवारींत त्यांतलीं १५ उरलीं होतीं, आणि त्यांपैकीं सहाजणांवर तोंपर्यंत आरोपच ठेवलेला नव्हता.