विचारल्याशिवाय पैसा सुटू देऊ नका

(शिरूर व दौंड तालुक्यांतील बचत गटांच्या भगिनी आणि छोटे व्यावसायिक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज इथे शिवणकाम करणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या, आठवडे बाजारात भाजी आणि मासळी विकणाऱ्या बहिणी आल्या आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची छोटी कामं घेणारी तरुण मुलंही आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये अनेक घरांत बँकेचं पासबुक आलेली ही पहिलीच पिढी आहे. म्हणून आजचा विषय आपला आहे.

सायबर सुरक्षा म्हटलं की वाटतं, ही मोठ्या कंपन्यांची काळजी. पण मोठ्या कंपनीकडे राखण करणारी माणसं असतात, आपल्याकडे नसतात. बारा हजार गेले तर कंपनी बुडत नाही. आपलं मात्र महिन्याचं भांडवल जातं, गटाचा हप्ता थकतो आणि पाय पुन्हा सावकाराच्या दाराकडे वळतात.

पुण्यातलीच गोष्ट घ्या. कॉसमॉस ही 1906 साली स्थापन झालेली मोठी सहकारी बँक. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, खातं खरं आहे का, शिल्लक आहे का? बँक हो म्हणाली की नोटा बाहेर येतात. 11 ऑगस्ट 2018 रोजी, शनिवारी, चोरांनी या वाटेत स्वतःची खोटी यंत्रणा घुसवली. प्रश्न बँकेपर्यंत पोचतच नव्हता, खोटी यंत्रणाच हो म्हणत होती. बनावट कार्डांनी 28 देशांतल्या एटीएममधून 78 कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, 13 ऑगस्टला, आणखी सुमारे 14 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94 कोटींच्या वर.

बँकेची तिजोरी कोणी फोडली नाही. फक्त विचारण्याची पायरी काढून टाकली. आपल्याला फसवणाराही हेच करतो. 'लगेच करा', 'खातं बंद होईल', 'कोणाला सांगू नका' असं तो का म्हणतो? तुम्ही शेजारणीला विचारू नये म्हणून.

आपल्या गटात पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि हिशोबाची वही तिसरीकडे असते. एकटीला पैसे काढता येत नाहीत. सुरक्षेची साधनं म्हणजे हीच पद्धत, फक्त फोनवर आणलेली. त्यातली बरीचशी फुकट आहेत.

पहिलं, दुकानदारांसाठी. गिऱ्हाइकाने त्याच्या फोनवर दाखवलेलं 'पैसे गेले' मानू नका. आपल्या बोलक्या डब्याने रक्कम सांगितली किंवा आपल्या खात्यात ती दिसली, की मगच माल द्या. दुकान उघडलं की आपला क्यूआर कोड दुसऱ्या फोनवरून तपासा आणि नाव आपलंच येतं का बघा, कारण रात्रीतून वर दुसरा कागद चिकटवता येतो. आणि पाठ करा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

दुसरं, अंगठ्यासाठी. आपल्यातल्या कित्येक जणी आधार आणि अंगठा लावून पैसे काढतात. बोटांच्या ठशांची नक्कल करून पैसे काढल्याचे गुन्हे देशात घडले आहेत. यावर उपाय म्हणजे आधारचं बायोमेट्रिक लॉक. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर फोनवरूनच कुलूप लावता येतं. पैसे काढायचे असतील तेव्हा उघडा, काम झालं की पुन्हा लावा. केंद्रावर दर वेळी पावती मागा आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या.

तिसरं, फोनसाठी. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' सुरू करा. गटाच्या ग्रुपवर लग्नपत्रिका किंवा सरकारी योजना म्हणून एखादी 'एपीके' फाइल आली तर ती उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरीसुद्धा.

चौथं, ज्या मुलांकडे संगणक आहे त्यांच्यासाठी. मे 2017 मध्ये वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभर संगणकांतल्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याला अडवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले. म्हणून अपडेट टाळू नका. बिलांची आणि हिशोबाची प्रत आठवड्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' अशी मेल आली तर पैसे पाठवण्याआधी त्या माणसाला जुन्या, माहीत असलेल्या नंबरवर फोन करा.

पैसे देऊन घ्यायची साधनंही आहेत. क्विक हील हे अँटिव्हायरस पुण्यातच तयार झालं. ते उभारणारे कैलास काटकर दहावीपर्यंत शिकलेले, सुरुवातीला कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. हे काम आपल्याला कळणार नाही, असं इथल्या कोणा मुलाने किंवा मुलीने समजू नये.

आता तरुणांना एक कळकळीची विनंती. 'तुझं खातं आणि सिमकार्ड महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. चोरीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलीस खातं ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतात. कॉसमॉसच्या प्रकरणात 2023 साली पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना शिक्षा सुनावली. त्यांत एटीएमवर कार्ड घेऊन उभी राहिलेली माणसं होती. दूर बसून डाव रचणारे सहसा सापडत नाहीत. आपल्या पारधी बांधवांना इंग्रजांच्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो शिक्का कागदावरून पुसायला 1952 साल उजाडलं. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. पाच हजारांसाठी तो पुन्हा स्वतःच्या कपाळावर ओढवून घेऊ नका.

याच भीतीमुळे फसवणूक झाल्यावरही आपली माणसं चौकीची पायरी चढत नाहीत. मग गप्प बसतात. गप्प बसू नका. 1930 हा नंबर घरबसल्या लावता येतो. तक्रार नोंदली की ती बँकांकडे जाते आणि पैसे पुढे सरकले नसतील तर तिथेच अडवता येतात. म्हणून पहिला तास मोलाचा. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा, आलेले मेसेज पुसू नका. चौकीत जायचं असेल तर एकटं जाऊ नका, गटातल्या चौघीजणी बरोबर घ्या. फसणाऱ्याने लाजायचं काही कारण नाही, एवढी मोठी बँकही फसली होती.

शेवटी एकच काम सांगतो. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीच्या फोनमध्ये 1930 नंबर घाला, ज्यांना हवं त्यांच्या आधारला कुलूप लावून द्या, आणि अनोळखी माणसाला पैसे पाठवण्याआधी कोणी कोणाला विचारायचं, त्या जोड्या ठरवून वहीत लिहून ठेवा.