संगणकाची खुली लायब्ररी आणि आमची मुले

(वार्षिक समारंभातील भाषण)



"मोबाईलने मुले बिघडली," ही तक्रार वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कोठेही कानावर येते. ती खोटी नाही. परंतु आज मला त्याच मोबाईलची दुसरी बाजू आपल्यापुढे मांडावयाची आहे.

लायब्ररी म्हटले की पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे येतात. संगणकाच्या क्षेत्रात मात्र दुसऱ्याने लिहून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्रामला जोडता येणाऱ्या आज्ञांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. 'ट्वीपी' ही त्यांपैकीच एक. ट्विटर, म्हणजे 2023 पासूनचे 'एक्स', या समाजमाध्यमाकडून पायथन भाषेतील प्रोग्रामला मजकूर मागविता यावा म्हणून ती 2009 मध्ये तयार झाली. कंपनीने दिलेली किल्ली दर वेळी दाखविणे, मागणीची मर्यादा संपली की थांबणे, पुढचे पान मागविणे ही किचकट कामे ती करते. विद्यार्थ्याला थोड्याच ओळी लिहाव्या लागतात.

ती कोणीही वाचावी, बदलावी, वाटावी. मूळ लेखकाचे नाव व परवाना तेवढा सोबत ठेवावा. सदका-ए-जारिया म्हणून खोदलेल्या विहिरीचे पाणी कोणीही भरतो, तसेच हे आहे.

याचा आपल्याला उपयोग काय? 2021 साली पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटाने सुमारे 16,000 मराठी ट्वीट जमवून त्यांची अनुकूल, प्रतिकूल व तटस्थ अशी वर्गवारी केली आणि ती सर्वांना खुली केली. मराठी वाक्यातील भाव संगणकाने ओळखावा, हा हेतू. आपली मुले घरी उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि कचेरीत मराठी बोलतात. या बोली संगणकाला त्यांनी नाही शिकवायच्या तर कोणी?

मात्र एक इशारा देतो. विहीर खुली असली तरी झरा कंपनीच्या मालकीचा आहे. 2023 मध्ये त्या कंपनीने मजकूर मागविण्याची मोफत सोय जवळजवळ बंद केली आणि साध्या वर्गणीसाठी महिना 100 डॉलर आकारले. लायब्ररी फुकटच राहिली, पण गरीब विद्यार्थ्याचे काम अडले. म्हणून एकाच दारावर विसंबू नका. 'मॅस्टोडॉन' हे समाजमाध्यम स्वतःच खुले आहे. त्याच्याही लायब्रऱ्या मोफत मिळतात. तेथे सराव करा. आणि लोकांचे शब्द ही अमानत आहे, तिचा गैरवापर करू नका.

पालकांना एकच विनंती. मुलाच्या हातून मोबाईल काढून घेण्याआधी त्याला आठवड्यातून दोन तास संगणकापुढे बसवा, आणि मुलीलाही तितकाच वेळ द्या. दुसऱ्यांनी खोदलेल्या विहिरीचे पाणी आपण पुष्कळ प्यालो. आता एखादी विहीर आपल्या मुलांच्या हातून खोदली जावो, हीच दुआ.

खुदा हाफिज. जय हिंद!