लेकी बोले, सुने लागे



अध्यक्षाने गोड बोलून खाली बसावं, असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. आपल्या भाषेतल्या राजकीय विडंबनाची जी दशा झाली आहे, तिचा मला राग आहे.

दोन जण मिळून हे विडंबन मारताहेत. एक, भावना दुखावल्याचा अर्ज घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणारा. दुसरा आपल्यातलाच आहे. तो पुढाऱ्याच्या पोटाला हसतो, रंगाला, अडखळत्या बोलण्याला, जातीला, घरातल्या बाईला हसतो, आणि त्याला उपहास म्हणतो. पहिल्याशी आपण भांडतो, दुसऱ्याला टाळ्या देतो. माझं भांडण दुसऱ्याशी जास्त आहे. त्याने अलंकार फेकून दिला आणि हातात नुसती शिवी ठेवली.

खाडिलकरांचं ‘कीचकवध’ 1907 साली रंगभूमीवर आलं. गोष्ट विराटाच्या दरबारातली. सैरंध्री होऊन राहिलेल्या द्रौपदीवर कीचकाची नजर पडते. धर्मराज सबुरी सांगतो, भीम दात-ओठ खातो. अख्ख्या नाटकात व्हाइसरॉय कर्झनचं नाव नाही. तरी पार मागे बसलेल्या माणसालाही कीचक कोण, द्रौपदी कोण आणि ही सबुरी कुठल्या मवाळांची, हे बरोबर कळत होतं. अन्योक्ती ती हीच: लेकी बोले, सुने लागे. 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. पण बंदी घालायची तर आधी कबूल करावं लागतं की कीचक म्हणजे आमचा व्हाइसरॉय! लेखकाने न उच्चारलेलं वाक्य सरकारने आपल्या तोंडाने उच्चारलं. शिवीला हे कधी साधलंय?

याच कोल्हापूरचं प्रकरण घ्या. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या छळावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर थेट नाव घेऊन आरोप केले. ज्या पत्रांचा आधार होता, ती कोर्टात टिकली नाहीत. 1882 मध्ये टिळक आणि आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. त्यांच्या हिमतीपुढे मी मान लववतो. पण त्या कोठडीत आगरकर कशात गढले होते? ‘हॅम्लेट’च्या भाषांतरात, म्हणजे पुढच्या ‘विकारविलसित’मध्ये. त्या नाटकातल्या राजपुत्राकडे चुलत्याविरुद्ध कागदाचा चिटोरासुद्धा नाही. तो नटमंडळींकडून राजासमोर खुनाचाच खेळ करवून घेतो, आणि राजा भर खेळातून उठून जातो. कोठडीतल्या आगरकरांना तो प्रवेश मराठीत आणताना काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

कुणी म्हणेल, दिवस असे आहेत की आडून बोलणं हा भ्याडपणा. सरळ बोलण्याचं मोल या शहराला मी सांगायला नको. ‘शिवाजी कोण होता?’ सरळ शब्दांत लिहिणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे यांना इथेच, फेब्रुवारी 2015 मध्ये, गोळ्या घातल्या गेल्या. इतिहास सरळच सांगावा लागतो. विडंबनाचं काम वेगळं आहे. तमाशातला सोंगाड्या राजाला मुजरा करता करता त्याच्या कारभाराची लक्तरं काढतो. ती व्याजस्तुती. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये कोतवालाच्या रिकाम्या जागेवरून दरबारात ओढाताण चालते, आणि बघणाऱ्याला आपल्या मंत्रालयाची वाट दिसते. अण्णा भाऊंनी, आपल्या शंकर पाटलांनी हेच केलं. यात भ्याडपणा कुठे आहे? जोडून अर्थ लावायचं काम प्रेक्षकावर सोपवलेलं असतं, आणि स्वतः लावलेला अर्थ माणूस विसरत नाही.

आपल्याकडच्या एकांकिका आणि वगनाट्य स्पर्धांच्या नियमपत्रकात ‘राजकीय टीका टाळावी’ अशी अट मी वाचली आहे. साहित्यिकांनीच घातलेली ही अट! आपल्या स्पर्धेतून ती काढावी, आणि शरीर, जात किंवा घरच्या बायकांवर केलेल्या विनोदाला परीक्षकांनी एकही गुण देऊ नये, असा ठराव मी स्वतः संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मांडणार आहे. मंचावरच्यांपैकी अनुमोदनाला कोण उभं राहतं, ते सगळ्यांसमोर कळू दे.