नोटिशीचे एक वर्ष



आष्ट्याच्या शिवारात ‘कूळ’ आणि ‘खंड’ हे शब्द ज्यास ठाऊक नाहीत असे घर विरळा. म्हणून आज आम्ही कूळ व मालक या दोघांच्याही हिताचे चार शब्द सांगणार आहोत.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. आपले आष्टे त्या वेळी दक्षिण सातारा जिल्ह्यात होते. १९४८ च्या कुळकायद्यातील कलम ३२ अन्वये, काही अपवाद वगळता, कूळ त्या दिवशी कसत्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवावयाची. सामान्य कुळास ती आकाराच्या २० ते २०० पट. ती फेडली म्हणजे कलम ३२ म चा दाखला मिळे.

परंतु मालक विधवा, अज्ञान वा दुर्बल असल्यास कायद्याने ही खरेदी पुढे ढकलली. अज्ञान मालक सज्ञान झाला किंवा विधवेचा हक्क संपला, की पहिले एक वर्ष मालकाचे. त्यात त्याने स्वतः कसण्यासाठी जमीन मागावी. पुढील एक वर्ष कुळाचे. त्यात कुळाने खरेदीची लेखी नोटीस मालकास व न्यायाधिकरणास द्यावी. ते वर्ष चुकले, तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन हातची जाण्याचा प्रसंग!

आता पाहा, मालकीण दूर शहरी आपल्या मुलाकडे वारली, तर ती वार्ता बांधावर राबणाऱ्यास कोणी सांगावी? १९६९ च्या दुरुस्तीने सज्ञान झालेल्या मालकाने कुळास तसे कळविणे आवश्यक ठरविले. विधवेच्या वारसावरही तेच कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. मधल्या काळात किती कुळांस कचेरीचे उंबरे झिजवावे लागले असतील, याचा विचार करावा.

आम्ही उभा जन्म मुलांस तारीख घालून अर्ज लिहावयास शिकविले. तोच धडा आज वडीलधाऱ्यांपुढे ठेवतो. कुळांनी सातबारा, फेरफार, खंडाच्या पावत्या व नोटिशीची पोच एका पेटीत जपून ठेवावी, आणि ती पेटी कोठे आहे हे मुलांबरोबर मुलींनाही सांगावे. मालकांच्या वारसांनी कुळास वेळेवर पत्र धाडावे. शेजारधर्म व कायदा या ठिकाणी एकच सांगतात.