घरबसल्या डॉक्टरेट: एका डॉक्टरचा अनुभव



या व्याख्यानमालेत साहित्यावर बोलण्याची प्रथा आहे. मी होमिओपॅथीचा माणूस. इथे सिटी सेंटरमध्येच माझा दवाखाना आहे. कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, 'शैक्षणिक नेतृत्वाची ऑनलाइन डॉक्टरेट.' ते हसून म्हणाले, 'तुम्ही तर आधीच डॉक्टर आहात!' माझी गोष्ट तिथूनच सुरू होते.

बी.एच.एम.एस. झालेल्या माणसाला आयुष्यभर एक प्रश्न ऐकावा लागतो, 'पण तुम्ही खरे डॉक्टर ना?' साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, हे सगळे पुरे केले तरी प्रश्न सुटत नाही. मी हसून सोडून देत आलो. पण मनात कुठेतरी सल राहिला होता, हे आज कबूल करतो.

साठी उलटल्यावर मुरारमधल्या एका लहान शाळेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. शाळेचे एक दुखणे होते. आठवी झाली की मुली शाळा सोडत. एका वर्षी अकरा मुली गेल्या. बैठकीत आम्ही 'पालकांची मानसिकता' असे लिहून पुढच्या विषयाकडे वळलो. मला वाटले, आपल्याला शाळा चालवण्याचे शास्त्रच येत नाही. त्याच सुमारास फोनवर जाहिरात आली. परदेशी विद्यापीठ, मध्यस्थ कंपनी इथली, दोन वर्षांत शैक्षणिक नेतृत्वाची डॉक्टरेट, तीही घरबसल्या. शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी माझ्याकडे नव्हती. 'सर, तुमचा अनुभव आहे ना,' असे उत्तर मिळाले. 2023 च्या उन्हाळ्यात मी एक लाख दहा हजारांचा पहिला हप्ता भरला. सौभाग्यवतींना सांगितले, मुलाला नाही.

प्रबंधाचा विषय मी तोच घेतला: आठवीनंतर मुली शाळा का सोडतात? मार्गदर्शकांनी पडद्यावरून सल्ला दिला की ऑनलाइन प्रश्नावली पाठवा. साठ पालकांना पाठवली. नऊ भरून आल्या. त्या नऊही घरांतल्या मुली शाळेतच होत्या! ज्यांच्या गेल्या, त्यांच्याकडून एकही उत्तर नाही. मी मार्गदर्शकांना कळवले. ते म्हणाले, नऊवरही प्रकरण लिहिता येईल.

त्या रात्री सूनबाईंनी मला जागे पाहिले. त्या स्वतः शिक्षिका आहेत. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढेच विचारले, 'बाबा, पेशंटला तुम्ही फॉर्म पाठवता का?'

मंडळी, हानेमान यांनी 'ऑर्गनन'मध्ये वैद्याला सांगितले आहे की रोग्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे, मध्ये तोडू नये, आणि ऐकलेले लिहून घ्यावे. चाळीस वर्षे मी हेच करत आलो आणि शाळेच्या बाबतीत नेमके तेच विसरलो. पुढच्या रविवारपासून वही घेऊन घरोघर गेलो. अकरांपैकी आठ घरे सापडली. तिसऱ्या घरी एका आईने सांगितले, 'डॉक्टर साहब, लौटते में अँधेरा हो जाता है।' नववीचे वर्ग दुपारच्या पाळीत भरत आणि साडेपाचला सुटत. आपल्या ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात, धुक्यात, साडेपाचनंतर काय अंधार पडतो, ते तुम्ही जाणता. आठांपैकी पाच घरांनी हेच कारण दिले. समितीत कुणाच्या ते ध्यानातच आले नव्हते, कारण आम्ही सगळे गाडीने येणारे! खोल्यांची अदलाबदल करून आम्ही नववी सकाळच्या पाळीत आणली. तीन मुली परत आल्या. उरलेल्या दोघींपैकी एकीचे लग्न ठरले होते, दुसरीचे कुटुंब गाव सोडून गेले होते. तिथे आम्हाला उशीर झाला होता.

एव्हाना दुसऱ्या हप्त्याची आठवण येऊ लागली होती. तेव्हा एका निवृत्त प्राध्यापक मित्राने मला नियम दाखवले. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर 2022 मध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली काढली. तिच्यात दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देता येणार नाही, असे स्पष्ट आहे. त्याआधीच, ऑक्टोबर 2022 मध्ये, आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मिळून सूचना काढली होती की शिक्षण कंपन्या परदेशी संस्थांच्या साहाय्याने देऊ करतात त्या ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिरातींना भुलू नका. मी पैसे भरले त्याच्या कितीतरी आधीचे हे कागद! पैसे परत मागितले, तेव्हा बारीक अक्षरांतल्या अटी दाखवण्यात आल्या. रक्कम गेली ती गेली. त्या लोकांपेक्षा मी स्वतःला अधिक दोष देतो. औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहिल्याशिवाय मी कुणाला चार गोळ्या देत नाही, आणि इथे लाखाचा कागद न वाचता सही केली.

मात्र ऑनलाइन शिक्षणालाच नावे ठेवून मी खाली बसणार नाही. अमेरिकेत शिक्षणातली 'एड.डी.' ही व्यावसायिक डॉक्टरेट जुनी आहे. हार्वर्डने ती 1921 मध्ये प्रथम दिली. आज जॉन्स हॉपकिन्ससारखे नामवंत विद्यापीठही ती ऑनलाइन देते. पण तिथे विद्यार्थी आपल्या कामाच्या ठिकाणची एक खरी अडचण घेऊन येतो आणि तिच्यावरच अभ्यास करतो. हार्वर्डने 2010 मध्ये शैक्षणिक नेतृत्वाची वेगळी डॉक्टरेट सुरू केली. तिचे तिसरे वर्ष वर्गात नव्हे, एखाद्या शिक्षणसंस्थेत प्रत्यक्ष काम करण्यासाठी ठेवले. आमच्या भाषेत सांगायचे तर इंटर्नशिप!

आपल्याकडचीही उदाहरणे पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली; पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली ती 1959 मध्ये. चाळीस वर्षे काम आधी, पदवी नंतर. याउलट चित्राताई नाईक. त्यांनी मुंबई विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातली पीएच.डी. मिळवली, कोलंबिया विद्यापीठात अभ्यास केला आणि ती विद्या घेऊन पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत गेल्या. दिवसा कामाला जुंपलेल्या मुलामुलींसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. एकाची पदवी कामामागून आली, दुसरीचे काम पदवीमागून. शाळेच्या दारात मात्र दोघेही उभे राहिले.

इथे बसलेल्या शिक्षिकांपैकी कुणाला खरोखर डॉक्टरेट करायची असेल तर ती जरूर करावी. 2022 च्या नियमावलीत नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करण्याची सोय आहे. त्यासाठी जिथे नोकरी करता त्या संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. किमान तीन वर्षे लागतात, कमाल सहा. स्त्रियांना दोन वर्षांची जादा सवलत आहे. आपले जीवाजी विद्यापीठ 1964 पासून इथेच, हाकेच्या अंतरावर आहे. आधी तिथे जाऊन विचारा. परदेशी पदवी घ्यायची असेल तर ती इथे ग्राह्य धरली जाईल का, हे पैसे भरण्याआधी लेखी मागा. आणि 'दोन वर्षांत हमखास' असे कुणी म्हणाले, तर समजा की तो पदवी विकतो आहे.

आम्हा जैनांच्या घरी लहानपणापासून सम्यक् दर्शन, सम्यक् ज्ञान आणि सम्यक् चारित्र ही तीन रत्ने कानावर पडतात. तिन्ही एकत्र असली तरच मोक्षमार्ग. मी मधले रत्न हप्त्याने घ्यायला निघालो होतो, आणि तेही बनावट निघाले.

दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावापुढे आजही बी.एच.एम.एस. एवढेच आहे. प्रबंध झाला नाही, पण ती वही आहे. गेल्या वर्षी आठवीतून नववीत जाताना चार मुली गळल्या. त्यांपैकी दोन घरी जाऊन आलो. दोन राहिली आहेत. या रविवारी जायचे आहे. एकट्या पुरुषाशी आया मोकळेपणी बोलत नाहीत, म्हणून सोबत एखादी ताई असेल तर बरे. सभा संपल्यावर मी दाराशी थांबतो.