लांबी भरण्याआधी



वाशीममध्ये सभेच्या अध्यक्षानं गावाच्या वत्सगुल्म या जुन्या नावाचा आणि इथल्या वाकाटक राजांचा उल्लेख केलाच पाहिजे, असा दंडक आहे. तो पाळला. आता कामाचं बोलतो.

आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाही. धावपट्टी पाहायची तर अकोल्याजवळच्या शिवणीला जावं लागतं. मग घरी बांधायच्या विमानाची चर्चा इथे कशाला, असं काहींना वाटत असेल. कारण सरळ आहे. कुलरची बॉडी, पाण्याची टाकी, देखाव्यातल्या मूर्ती यांतून तुम्हा फायबर कारागिरांच्या हाताला बसलेलं काचेचं कापड आणि रेझिन विमानातही असतं. अमेरिकन विमान-रचनाकार बर्ट रुटान यांचं व्हॅरी-ईझी हे घरी बांधायचं विमान १९७५ साली उडालं. फोमला आकार देऊन त्यावर काचेचं कापड चढवायचं, ही त्यांची पद्धत हौशी माणसांनी आपापल्या गॅरेजात उचलली. बंगळुरूच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेचं ‘हंस’ विमानही मुख्यतः ग्लास फायबरचं, ते १९९३ मध्ये प्रथम उडालं. आणि कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव तर आपलेच. त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली, तोवर कागदांनी त्यांना किती दमवलं, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे.

आता समजा, परदेशातून अशा विमानाच्या किटचं, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचं, खोकं आलं. इंजिनावरचं आवरण, पंखांची टोकं, चाकांवरच्या टोप्या असे तुकडे बाहेर निघाले. आपली पहिली खोड कोणती? पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसली, कड वाकडी दिसली की लांबीचा, म्हणजे पुटीचा, डबा उघडायचा. कुलरला ते चालतं. इथे आधी हात आवरा.

तुकडा अंधाऱ्या खोलीत न्या आणि मागून बॅटरी धरा. जेलकोट किंवा रंग नसेल तर कोरडं राहिलेलं कापड पांढुरकं दिसतं, छिद्रांतून उजेडाचे ठिपके येतात. मग नाणं घेऊन बोटभर अंतरानं वाजवत जा, माठ घेताना वाजवतो तसं. टणक आवाज येता येता एकदम बोदा आला, तर तिथे थर सुटलेले असण्याची शंका घ्या. तेवढ्या जागेभोवती मार्करनं रेघ मारा, फोटो काढा, तारीख घाला. खोकं फाडून टाकू नका. माल परत करायची वेळ आली की तेच लागतं.

त्यानंतरचा प्रश्न: हा तुकडा भार घेतो का? चाकावरच्या टोपीची छिद्रं इपॉक्सीनं बुजवता येतील. पण पंखाच्या कण्याशी जोडलेल्या भागात थर सुटले असतील, तर उत्पादकाच्या लेखी उत्तराशिवाय पॉलिश पेपरसुद्धा लावू नका. हलत्या पृष्ठभागांचं तर आणखी नाजूक. बिजागरीच्या मागे लांबीचं आणि रंगाचं वजन वाढलं की तोल बिघडतो आणि वेगात तो भाग फडफडू लागतो. ही फडफड शेपूट मोडेपर्यंत जाऊ शकते. वरून गुळगुळीत, चकचकीत दिसणारं काम इथे घातक ठरतं, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

आपल्या हवेचंही बोललं पाहिजे. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये इपॉक्सी खोल डब्यात कालवलं तर हाताखालीच तापून धुरावतं. पसरट ट्रेमध्ये थोडं थोडं घ्या. पावसाळ्यात वरच्या थराला चिकट साय धरते. ती पाण्यानं धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही. रोजच्या सवयीचं पॉलिस्टर रेझिन इपॉक्सीच्या तुकड्यावर वापरू नका, ते भरवशाचं चिकटत नाही. फायबरच्या अशा विमानांना पांढरा रंग देतात, तोही उन्हात रेझिन मऊ पडू नये म्हणून.

चुका मोठ्यांच्याही होतात. अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टच्या किटमधल्या लेझरनं कापलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांना भोकांपाशी तडे जाऊ लागले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. तरीही तिनं चाचण्या केल्या आणि कोणते भाग बदलायचे, कोणते चालतील, हे बांधणाऱ्यांना सांगितलं. दोष उघड सांगणाऱ्याला आपल्याकडे मात्र अजून ‘नाट लावणारा’ म्हणतात. ही सवय मोडायला हवी.

म्हणून निदेशकांना आणि कारागिरांना माझी एकच विनंती आहे. बिघडलेला फायबरचा तुकडा भंगारात टाकू नका. त्यावर दोष आणि तारीख मराठीत लिहा आणि जवळच्या आयटीआयला देऊन टाका. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशा सहाही तालुक्यांतल्या पोरांनी तो नाण्यानं वाजवून पाहिला पाहिजे. पहिला तुकडा मी स्वतः आज सोबत आणला आहे. सभा संपल्यावर तो बाहेरच्या टेबलावर ठेवलेला असेल, वाजवून पाहा.